राउमा : काड्यांची टकटक

(पडद्यावर फक्त हात. संगीत नाही.)

हा आवाज ऐका. लाकडावर लाकूड आपटल्याचा, बारीक आणि सारखा. समोर एक टणक उशी, तिच्यावर टाचण्यांची गर्दी आणि खाली लोंबणाऱ्या, धागा गुंडाळलेल्या लाकडी काड्या. इथं लेस विणली जाते आहे. या काड्यांनाही बॉबिनच म्हणतात, पण शिलाई मशीनमधली बॉबिन डोक्यातून काढून टाका. ही साधारण पेन्सिलीएवढी असते आणि जोडीजोडीनं चालते. सुई नाही, क्रोशाही नाही. धाग्यावरून धागा ओलांडायचा, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची. मूळ हालचाली या दोनच, ओलांडणं आणि पिळणं. बाकी सगळी मदार उशीवर टाचलेल्या नक्षीवर आणि बोटांना लागलेल्या सवयीवर.

आपण फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहोत, राउमात. १४४२ साली वसलेलं हे गाव, वस्ती आजही चाळीस हजारांच्या आतच. अठराव्या शतकात इथल्या लेसला मोठी मागणी होती, कारण बायकांच्या डोक्यावर तेव्हा रेशमी, टणक टोपी असायची आणि तिच्या कडेनं कपाळावर लेसची झालर यायची. पुढं टोपीची फॅशन गेली आणि लेसचा धंदा बसला. टकटक मात्र थांबली नाही.

(गल्ली. पिवळी, निळी, विटकरी घरं.)

हे जुनं राउमा. सुमारे ६०० लाकडी इमारती. १९९१ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण तिकीट काढून बघायचं संग्रहालय समजू नका. खिडकीत कुंड्या आहेत, दाराशी सायकल टेकवलेली आहे, आत लोक राहतात. १६४० आणि १६८२ मध्ये इथं मोठ्या आगी लागल्या. लोकांनी घरं पुन्हा बांधली ती जुन्याच गल्ल्या धरून, म्हणून रस्ते अजून मध्ययुगातल्यासारखे वाकडेतिकडे जातात.

दर्शनी भागावरचं नक्षीदार लाकूडकाम मात्र बरंचसं १८९० च्या दशकातलं, जहाजांच्या पैशातून आलेलं. जगात आगबोटी धावू लागल्या होत्या, आणि राउमाकर शिडांवर कमाई करत होते. फिनलंडमधला शिडाच्या जहाजांचा सर्वांत मोठा ताफा तेव्हा याच गावाचा होता.

जरा खिडक्यांकडे बघा. काचेआड चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी दिसते. खलाशी असे कुत्रे परदेशाहून आणत. सांगतात की घरधनी समुद्रावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, परतला की आत. खरं-खोटं कोण तपासणार? आणि चौकटीला बाहेरून लावलेला तो आरसा? त्यातून रस्त्यावर कोण येतं-जातं ते घरात बसल्या बसल्या दिसतं. फिनिश भाषेत त्याला चक्क ‘चहाडीचा आरसा’ म्हणतात.

भाषेवरून आठवलं. राउमाची बोली इतर फिनिश लोकांनाही सहज कळत नाही. बंदरावरून आलेले परके शब्द तिच्यात मुरलेले आहेत. याल्मार नोर्तामो या पेशानं डॉक्टर असलेल्या लेखकानं याच बोलीत खलाशांच्या गोष्टी लिहिल्या. इथल्या एका चौकाचं नाव ‘हाउएनगुआनो’, म्हणजे पाइक माशाचं थोबाड!

दगडी चर्च फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाच्या मठवासीयांचं. मठ १५३८ मध्ये बंद झाला, पण छताच्या कमानींवरची चित्रं टिकली. समुद्र मात्र गावापासून लांब गेलाय. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्यानं दबलेली ही जमीन अजून वर येते आहे, वर्षाला काही मिलिमीटर. मूळ बंदर कोरडं पडत गेलं आणि धक्का पश्चिमेला सरकला.

जुलैच्या शेवटी या, लेस सप्ताहाला. १९७१ पासून तो भरतो. त्यातल्या ‘काळ्या लेसच्या रात्री’ दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात आणि दहा वाजून गेले तरी आभाळात उजेड असतो.

(पुन्हा हात.)

बोटभर लांबीच्या पट्टीलाही बराच वेळ लागतो. घाई केली तर पीळ चुकतो, आणि चुकलेला पीळ शोधत मागं उसवत जावं लागतं. म्हणून दिवस संपला की काम आहे तिथंच थांबवायचं. टाचण्या तशाच, काड्या तशाच. धूळ बसू नये म्हणून उशीवर एक कापड टाकायचं.