सव्वा रुपयाची पैज

नमस्कार.

आजी गेल्यावर आम्ही तिचा देव्हारा आवरायला घेतला. अन्नपूर्णेच्या मागे हळदीनं पिवळ्या झालेल्या फडक्याची पुरचुंडी निघाली. आत सव्वा रुपया, एक बंदा आणि वर चार आणे. नवसाचा, हे उघडच होतं. पण कुणासाठी बोललेला, कुठल्या देवाला, फेडला की राहिला, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आत्या म्हणाली, "राहू दे तिथंच. असलाच देव, तर?"

आत्याच्या या 'तर'चा हिशेब साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाच्या गणितज्ञानं मांडला होता. मुळात त्याच्यासमोर प्रश्न आला तो जुगाराचा. दोघांनी बत्तीस-बत्तीस मोहरा लावल्या. तीन डाव जो आधी जिंकेल, चौसष्ट त्याच्या. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. आता वाटणी कशी करायची? १६५४ साली फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात पास्कल म्हणतो, पुढचा डाव झाला असता तर काय, ते बघा. पहिला जिंकला तर चौसष्ट, हरला तरी बरोबरीमुळे बत्तीस. म्हणजे बत्तीस त्याचेच, उरलेल्या बत्तिसाचे निम्मे. अठ्ठेचाळीस त्याला, सोळा दुसऱ्याला. जो डाव झालाच नाही, त्याची किंमत ठरली! मला तर आजही याची गंमत वाटते.

हीच रीत त्यानं पुढे देवाला लावली. मरणानंतर, १६७० साली छापलेल्या त्याच्या टिपणांत ती सापडते. देव असण्याची शक्यता कितीही थोडी धरा. असला तर मिळकत अनंत, आणि लावायचं काय, तर हे चार दिवसांचं आयुष्य. मग देवाच्या बाजूनं लावा. खेळायचंच नाही म्हणाल, तर ती सोय नाही, तुम्ही नावेत बसलेलेच आहात.

आपल्याकडेही एक जुना श्लोक आहे. परलोक आहे की नाही याची शंका असली, तरी वाईट टाकावंच. नसला तर काय बिघडलं? 'अस्ति चेन्नास्तिको हतः', असला तर नास्तिक मेलाच म्हणायचा. आत्याचंच वाक्य, फक्त संस्कृतात.

पण अडचण पहिल्याच पायरीवर आहे. कुठला देव? फ्रान्समधल्याच दिदरो या विचारवंतानं पुढे सुनावलं की हाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल. प्रत्येक दुकानात अनंत नफ्याची पाटी असेल, तर हिशेब सांगणार तरी काय? दुसरं, विश्वास काही ठरवून बसत नाही. पास्कलला हे ठाऊक होतं. तो म्हणतो, विश्वास असल्यासारखं वागा, तीर्थ घ्या, प्रार्थनेला बसा, मन मागून येईल. यात तथ्य आहे. रोज दिवा लावणाऱ्याचा हात एक दिवस चुकला की त्यालाच चैन पडत नाही.

मला पटत नाही ते वेगळंच. लावायचं ते क्षुल्लक, असं धरून हा हिशेब चालतो. सव्वा रुपया क्षुल्लक खरा. पण कर्ज काढून फेडलेले नवस, दवाखान्याच्या आधी अंगाऱ्यात घालवलेला आठवडा, हे कुठल्या रकान्यात मांडायचं? तुकोबांनी तर सरळच विचारलंय, नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा?

त्यापेक्षा मला बुद्धांची मांडणी शहाणी वाटते. कोसल देशातल्या साला गावच्या ब्राह्मण गृहस्थांशी बोलताना ते फाशांच्याच खेळातले शब्द वापरतात. वाईट वागणाऱ्याचा फासा दोन्हीकडे उलटा पडतो, कारण परलोक नसला तरी इथं शहाणी माणसं त्याला नावं ठेवतातच. चांगलं वागणाऱ्याचा दोन्हीकडे सुलटा. इथं पैज देवावर नाही, वागण्यावर आहे. आणि वागणं आपल्या हातात असतं.

गंमत म्हणजे पास्कल स्वतः हिशेबानं देवाकडे गेलाच नव्हता. तो मेल्यावर नोकराला त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला एक लेख सापडला. तारीख २३ नोव्हेंबर १६५४, म्हणजे फर्माशी पत्रं झाली तेच साल. वेळही टिपलेली, रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबाराच्या सुमारापर्यंत. आणि खाली एकच शब्द : 'अग्नी'. मग बायबलातल्या पूर्वजांची नावं घेऊन, 'अब्राहामचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. तत्त्ववेत्त्यांचा आणि पंडितांचा नव्हे.' शक्यता नाही, अनंत नाही, नफा-तोटा नाही. आणि हे त्यानं आठ वर्षं, कुणाला न सांगता, अंगाशी बाळगलं.

आजीच्या पुरचुंडीत पैज होती की असलं काही, ते मला सांगता येणार नाही. त्यातले चार आणे तर २०११ सालीच चलनातून गेले. पुरचुंडी अजून अन्नपूर्णेच्या मागे आहे. फडकं विरलं होतं, ते मात्र गेल्या दिवाळीत मी बदललं.

नमस्कार.