झ्यूसचा मुलगा मरतो तेव्हा

[पडद्यावर: इलियडचे जुने हस्तलिखित, पानांवरून सरकता कॅमेरा]

इलियड हे होमर या कवीचे प्राचीन ग्रीक महाकाव्य. २४ सर्ग आणि साडेपंधरा हजारांहून जास्त ओळी. ग्रीक आणि ट्रॉय शहर यांचे युद्ध दहा वर्षांचे, पण काव्यात येतात ते त्यातले काही आठवडेच. अशा काटेकोर काव्यात सोळाव्या सर्गातल्या अडीचशेच्या वर ओळी एकाच माणसाचे मरण आणि त्याच्या प्रेतावरून झालेली झुंज यांत जातात. तो ग्रीकांचा महावीर अकिलीस नाही, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरही नाही. तो आहे सार्पेडन, लिशियाचा राजा, ट्रॉयच्या मदतीला आलेला. त्याची आई लाओदामिया ही माणूस, आणि बाप देवांचा राजा झ्यूस.

लिशिया आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर. पाचव्या सर्गात सार्पेडन हेक्टरला सरळ सुनावतो: मी लांबून आलोय, बायको आणि तान्हे मूल मागे ठेवून आलोय, ग्रीकांनी लुटून न्यावे असे माझे इथे काहीही नाही, तरी मी लढतोय, आणि तुझे भाऊ कुठे दिसत नाहीत.

[पडद्यावर: रणांगणाचे रेखाचित्र]

त्याच पाचव्या सर्गात होमर देवांच्या शरीराबद्दल एक नेमकी माहिती देतो. ग्रीक वीर डायोमिडीस भाला मारतो आणि प्रेमाची देवता ॲफ्रोडायटी मनगटाजवळ जखमी होते. जखमेतून रक्त येत नाही, ‘इकॉर’ नावाचा द्रव येतो. देव भाकरी खात नाहीत, मद्य पीत नाहीत, म्हणून त्यांना रक्त नाही आणि म्हणूनच ते अमर, असा होमरचा हिशेब. थोड्याच वेळात खुद्द युद्धदेव एरिसच्या ओटीपोटात भाला घुसतो. तो नऊ-दहा हजार माणसांइतका ओरडतो आणि बापाकडे, झ्यूसकडे, तक्रार घेऊन जातो. देवांचा वैद्य औषध लावतो, जखम भरते, अंघोळ करून एरिस झ्यूसशेजारी जाऊन बसतो. प्रसंग विनोदी आहे, आणि तो मुद्दाम तसा आहे. ज्याची जखम चार ओळींत भरते त्याला शूर व्हायला जागाच उरत नाही. या काव्यात देवांकडे ताकद आहे, रूप आहे, लहर आहे. शौर्य मात्र माणसांकडेच आहे.

सार्पेडनही त्याच सर्गात मांडीत भाला लागून कोसळतो. पण झ्यूस त्याचे मरण टाळतो. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे झ्यूस असहाय होता असे अनेकदा सांगितले जाते.

बाराव्या सर्गात ट्रॉयचे सैन्य ग्रीकांच्या तटबंदीवर चालून जाते. हल्ल्यापूर्वी सार्पेडन आपला मामेभाऊ ग्लॉकस याच्याशी बोलतो. हे भाषण वीसेक ओळींचे आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग रोखठोक व्यवहाराचा. लिशियात आपल्याला मानाचे आसन, मांसाचा चांगला वाटा आणि भरलेले प्याले का मिळतात? झॅन्थस नदीकाठी फळबागा आणि गव्हाची शेते आपल्याकडे का आहेत? तर आता पहिल्या फळीत उभे राहायचे, म्हणजे लोक म्हणतील की आपले राजे खातात-पितात खरे, पण लढतातही.

दुसरा भाग वेगळ्याच सुरात येतो. अरे ग्लॉकस, या युद्धातून निसटून आपण कायमचे अजर-अमर होणार असतो, तर मी स्वतः पुढे लढलो नसतो आणि तुलाही पाठवले नसते. पण मरण हजार रूपांनी उभे आहे आणि ते कुणालाच चुकत नाही. तेव्हा चल, कीर्ती दुसऱ्याला देऊ किंवा त्याच्याकडून घेऊ.

मराठी कानाला इथे पुढचे एक वाक्य अपेक्षित असते: मेलास तर स्वर्ग मिळेल. गीतेत कृष्ण अर्जुनाला तेच सांगतो. सार्पेडनपाशी ते वाक्य नाही. होमरच्या जगात वीर आणि भित्रा दोघेही हेडीसच्या, म्हणजे मृतांच्या पाताळाच्या, अंधारात सावल्या होऊन राहतात. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्यात मेलेला अकिलीस म्हणतो की सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मजुरी केलेली बरी. मरणानंतर बक्षीस नसल्यामुळे उरते ते फक्त नाव. भाषणानंतर थोड्याच वेळात सार्पेडन नुसत्या हातांनी तटाचा कठडा ओढून पाडतो.

[पडद्यावर: रथ, तीन घोडे]

सोळाव्या सर्गात अकिलीसचे चिलखत घालून त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस रणात उतरतो. त्याच्या रथाला तीन घोडे आहेत. झॅन्थस आणि बॅलिअस अमर. जोडीला बांधलेला पेडासस मर्त्य. सार्पेडनचा पहिला भाला पॅट्रोक्लसला चुकवून पेडाससच्या उजव्या खांद्यात बसतो. तिघांतला नेमका मरू शकणारा घोडा मरतो. दुसरा भाला पॅट्रोक्लसच्या डाव्या खांद्यावरून निघून जातो. पॅट्रोक्लसचा भाला मात्र सार्पेडनच्या काळजाशी, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळ घुसतो.

या झुंजीच्या आधीच वर देवलोकात संवाद झालेला असतो. नियतीने मुलाचे मरण ठरवलेले आहे, तरी त्याला उचलून जिवंत लिशियात ठेवू का, असे झ्यूस आपली बायको हेरा हिला विचारतो. हेरा ‘तुला जमणार नाही’ असे म्हणत नाही. ती म्हणते, कर. पण आम्ही सगळे देव त्याला मान्यता देणार नाही. आज तू मुलाला सोडवलेस तर उद्या दुसरा देवही सोडवू पाहील, कारण ट्रॉयभोवती देवांची पुष्कळ मुले लढताहेत. ही नुसती शक्यता नाही. एरिसचा मुलगा अस्कॅलॅफस आधीच मेला होता. पंधराव्या सर्गात ते कळल्यावर एरिस सूड घ्यायला निघतो, तेव्हा झ्यूसच्या रागाच्या भीतीने देवी अथीना त्याचे शिरस्त्राण, ढाल आणि भाला काढून घेते. आता तोच नियम झ्यूसने मोडायचा? नियती झ्यूसहून मोठी की नाही, यावर वाद घालणारे ही राजकारणाची बाजू सहसा विसरतात. पुढे बाविसाव्या सर्गात हेक्टरला वाचवावे असे झ्यूसच्या मनात येते, तेव्हा अथीना हेराच्याच तीन ओळी जशाच्या तशा ऐकवते.

झ्यूस पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो. मुलासाठी त्याच्या हातून होते ते एवढेच. मग प्रेतावरून अशी रणधुमाळी माजते की रक्त, धूळ आणि शस्त्रांखाली सार्पेडन ओळखूही येत नाही. ग्रीक त्याचे चिलखत काढून नेतात. शेवटी झ्यूसच्या आज्ञेवरून अपोलो हा देव देह बाजूला नेतो, नदीत धुतो, अमृतलेप लावतो आणि निद्रा व मृत्यू या जुळ्या भावांच्या हाती सोपवतो. लिशियात भाऊबंद त्याला मातीचा उंचवटा आणि त्यावर दगड देतील. मृताचा मान तोच, असे होमर सांगतो.

[पडद्यावर: लाल आकृत्यांचा मातीचा कुंभ]

हाच क्षण युफ्रोनिऑस या अथेन्सच्या चित्रकाराने इ.स.पू. ५१५ च्या सुमारास रंगवला. पण त्याने होमर जसाच्या तसा उतरवला नाही. अपोलोच्या जागी देवांचा दूत हर्मिस उभा आहे, आणि धुतलेल्या देहाऐवजी जखमांतून वाहणारे रक्त आहे. भांडे मद्यात पाणी मिसळण्याचे. म्हणजे ‘भरलेल्या प्याल्यां’ची आठवण काढणाऱ्या राजाचे प्रेत मेजवानीच्या मधोमध. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते १९७२ मध्ये १० लाख डॉलरना घेतले. ते इटलीतल्या प्राचीन एट्रस्कन लोकांच्या थडग्यातून चोरून उकरलेले असल्याने २००८ मध्ये इटलीला परत गेले.

लिशियातल्या झॅन्थोस शहरात मात्र सार्पेडनला चक्क देऊळ मिळाले. इ.स.पू. ४२ मध्ये रोमन सेनापती ब्रूटसने शहराला वेढा दिला, तेव्हा आत अडकलेल्या रोमन सैनिकांनी याच देवळाचा आसरा घेतला, असे इतिहासकार ॲपियन लिहितो.