पॉलिमरमधली नेमकी पोकळी

मित्रहो, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेताना डॉक्टर पीएसए नावाचे प्रथिन मोजतात. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये 4 नॅनोग्रॅम ही त्याची रूढ मर्यादा आहे, आणि तेवढ्याच द्रवात अल्ब्युमिन हे रक्तातले नेहमीचे प्रथिन मात्र सुमारे 40 मिलिग्रॅम असते. म्हणजे वजनाने एक कोटी पट असलेल्या गर्दीतून आपल्याला हवे ते प्रथिन वेचायचे असते. आज हे काम प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने, करतात आणि उत्तम करतात. पण ती स्वतः प्रथिनेच असल्यामुळे त्यांना थंडावा लागतो, आणि मे महिन्यातल्या नागपूरहून निघून गडचिरोलीच्या आतल्या गावापर्यंत तो टिकवणे सोपे नाही.

म्हणून पॉलिमर, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ. 1972 साली जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी जो रेणू ओळखायचा तोच साचा म्हणून घेऊन त्याच्याभोवती पॉलिमर घडवण्याची आणि नंतर तो काढून घेण्याची वाट दाखवली; मागे उरलेल्या पोकळीत तसाच रेणू पुन्हा नेमका बसतो. 1993 मध्ये स्वीडनमधल्या क्लाउस मोसबाख यांच्या गटाने अशा पॉलिमरने रक्तद्रवातील थिओफिलिन आणि डायझेपाम ही औषधे मोजली.

कृती ऐकायला सोपी आहे. साच्याचा रेणू, त्याला धरणारे मेथाक्रिलिक आम्ल आणि साखळ्या एकमेकींना घट्ट बांधणारा दुवा द्रावकात एकत्र करायचे, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवायचा आणि कुपी 60 अंशांवर ठेवायची. सकाळी पाहावे तर द्रवाचा पांढरा ठोकळा झालेला असतो. कुपी फोडून तो खलात कुटायचा, चाळायचा आणि मिथेनॉल व ॲसिटिक आम्लाने धूत राहायचा. खरी कसोटी या धुण्यात आहे. आत अडकून राहिलेला साचा पुढे नमुन्यात झिरपला, तर निरोगी माणसाच्या चाचणीतही आजाराची खूण दिसते. उमेदवारीच्या काळात मी स्वतः अशा निकालावर आठवडाभर आनंदात होतो. साच्याविना बनवलेले पॉलिमर शेजारी ठेवून तुलना केली तेव्हा चूक कळली. तेव्हापासून त्या तुलनेवाचून एकही आकडा मी मान्य करत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण एवढा मोठा रेणू दाट जाळ्यातून बाहेर पडत नाही आणि सेंद्रिय द्रावकात त्याची घडी मोडते. यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो: अख्खे प्रथिन न घेता त्याच्या टोकाचा, मोजक्या अमिनो आम्लांचा तुकडाच साचा म्हणून वापरायचा. पोकळी तेवढीच असते, पण पुढे संपूर्ण प्रथिन त्या टोकाने तिच्यात येऊन बसते.

आपल्या विदर्भासाठी मला रक्तापेक्षा लाळ महत्त्वाची वाटते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे कोवळ्या वयापासून तोंडात जातो, आणि तोंड पुरते उघडेनासे झाल्यावरच अनेक जण दवाखान्याची पायरी चढतात. तोंडाच्या कर्करोगात लाळेतील इंटरल्युकिन-8 हे प्रथिन वाढलेले आढळते, तेव्हा ते टिपणारे पॉलिमर घडवणे योग्यच आहे. मात्र चुन्याने लाळेची आम्लता बदलते आणि सुपारीतील टॅनिन प्रथिनांना चिकटते, त्यामुळे प्रयोगशाळेत मिठाच्या स्वच्छ पाण्यात उत्तम चालणारी पोकळी या लाळेत साफ फसू शकते. म्हणून तरुण संशोधकांना माझी विनंती आहे की नमुना खर्रा खाणाऱ्याच्याच लाळेचा घ्यावा, आणि तोही पहिल्याच दिवसापासून.