फेस गुण्यात हवा

जळगावच्या एमआयडीसीत माझं मिलिंगचं, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापून आकार द्यायचं, छोटं वर्कशॉप आहे. पाइपांच्या साच्यांची कामं येतात, पंपाचे सुटे भाग येतात. पुण्याला नोकरी करणारा भाचा दिवाळीला आला, तेव्हा गाडीच्या डिकीतून गोल्फचा पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे गडगडत न्यायची काठी, काढून म्हणाला, "मामा, याच्या फेसवर, चेंडूला लागते त्या बाजूवर, ठोके पडलेत. मिलिंगवर सपाट करून द्याल?" तुम्हा मेकॅनिकलच्या पोरांपुढे मी आज त्याच पटरवर बोलणार आहे. एक अंश म्हणजे किती, हे त्यानं मला जसं दाखवलं तसं कुठल्याच ड्रॉइंगनं दाखवलं नव्हतं.

पटरचं डोकं, म्हणजे स्टीलचं हेड, वाइसमध्ये (पकडीत) धरलं, पाव मिलिमीटरचे दोन कट घेतले, फेस आरशासारखा झाला. शॉपच्या कोब्यावर खडूनं १०८ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. गोल्फचं भोक तेवढंच असतं, सव्वाचार इंच. तीन मीटरवरून भाचा मारू लागला. चेंडू जवळजवळ दर वेळी वर्तुळाच्या उजव्या काठावरून निघून जायचा. आमचा ऑपरेटर चहा घेऊन आला, "काय करी राहिना भाऊ?" म्हणत तोही तिथेच उभा राहिला. कोब्याला उतार असेल म्हणून उलट बाजूनं मारून पाहिलं. तरी उजवीकडेच.

मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणला. पटरच्या डोक्यावर नेम धरायची पांढरी रेघ असते, ती फेसशी काटकोनात हवी. गुण्याचा दांडा फेसला टेकवला, पातं रेघेला लावलं, तर रेघेच्या मागच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटरची फट. पाच सेंटीमीटरच्या रेघेत तेवढी फट म्हणजे एक अंश. वाइसच्या जबड्यात धातूची बारीक चिप (कापताना उडालेला कीस) राहिली होती आणि ती मी पाहिली नव्हती.

आता हिशेब करा. एक अंशाचा टॅन ०.०१७५. तीन मीटरला तो चेंडूला सव्वापाच सेंटीमीटर बाजूला नेतो, आणि भोकाची त्रिज्या आहे ५.४. म्हणजे तिथे बरोबर काठ. पुढे पाच मीटरवरून तर प्रश्नच नाही. पटरनं मारलेला चेंडू कोणत्या दिशेनं सुटतो, यात चार-पंचमांशाहून जास्त वाटा फेसच्या रोखाचा असतो. हात कोणत्या रेषेत फिरला, याचा वाटा उरलेला. कॅरम खेळणाऱ्यांना हे पटायला जड जातं, कारण स्ट्रायकर गोल असतो, त्याला फेस नसतो.

मग फेसवर कोरलेल्या खाचा, फेसमध्ये बसवलेला मऊ तुकडा म्हणजे इन्सर्ट, हे सगळं कशासाठी? ते मुख्यतः अंतरासाठी. कॅरमची बोरिक पावडर फेसवर लावून मारा, चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उठतो. भाच्याचे ठसे मधोमध होते तेव्हा चेंडू वर्तुळापर्यंत पोचत होता. ठसा बोटभर टोकाकडे सरकला की तेवढ्याच जोराचा चेंडू हातभर अलीकडे थांबायचा. हेड आघातानं फिरतं आणि जोर त्यात जातो.

यावर कार्स्टन सोल्हाइमनं उत्तर शोधलं. जनरल इलेक्ट्रिकमधला हा इंजिनिअर. १९५९ मध्ये त्यानं पहिला पटर केला; चेंडूला लागताना येणाऱ्या आवाजावरून नाव पडलं पिंग. १९६६ च्या 'आन्सर' पटरमध्ये वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलेलं होतं. कावड खांद्यावर घेऊन झटकन वळून बघा, दोन्ही टोकांचे हंडे तुम्हाला वळू देत नाहीत. हेडचंही तेच.

दुसरं उत्तर खुद्द फेसवर कोरलेलं असतं. मधल्या खाचा खोल किंवा रुंद, कडांकडे त्या उथळ, अरुंद होत जातात. मध्यावर चेंडूला धातू कमी टेकतो, मार किंचित मंद होतो, आणि कडेच्या माराशी त्याचा वेग जुळतो. मला ही कल्पना फार आवडते. कडेला जोर वाढवता येत नाही, म्हणून मध्याचाच थोडा काढून घेतला. खाचांची मापं बदलत नेणं हे काम सीएनसीशिवाय, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशिनशिवाय, होणं कठीण.

खाचांमुळे चेंडू लगेच गडगडतो, असंही सांगतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. न फिरता सुटलेला चेंडू आधी घसरतो, आणि घर्षणानं पूर्ण गडगडू लागेपर्यंत त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांशावर येतो. तीन-चार अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कल, गवतात किंचित रुतलेला चेंडू वर काढतो. तो लॉफ्ट आणि पटर खालून वर येतोय की वरून खाली, याचा परिणाम मला जास्त वाटतो. मऊ इन्सर्टनं आवाज बदलतो, आणि आवाजावरून हात जोराचा अंदाज बांधतो, तेवढं खरं.

पण खाचा कितीही हुशारीनं कोरल्या तरी रेघ फेसशी गुण्यात नसेल, तर चेंडू योग्य अंतर कापून चुकीच्या जागी थांबतो. भाच्याचा फेस मी पुन्हा घेतला. जबडे पुसले, रेघेला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून हेड बसवलं, मगच कट दिला.

तो पटर इथे टेबलावर आहे, शेजारी गुण्या आणि पावडरचा डबा. मागच्या मोकळ्या जागेत वर्तुळ काढून ठेवलंय. आधी पावडर लावा, मग मारा.