हिपॅटायटिस सी : शून्याची नोंद कोण ठेवतो?

(जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त पुण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. बाहेर पाऊस लागलाय आणि तरी तुम्ही आकडेवारीवरचं भाषण ऐकायला आलात. हे पुण्यातच होऊ जाणे. संयोजकांनी मला फोनवर विचारलं होतं, विषय जरा हलका करता येईल का? मी म्हटलं, कावीळ आहे, फार तर पिवळा करता येईल.

काविळीपासूनच सुरुवात करतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे कावीळ म्हणजे पावसाळ्यातला पाहुणा. डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणावरची वासना गेलेली. मग कुणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ उतरवतं, कुणी गळ्यात माळ घालतं आणि ती माळ दिवसागणिक लांब होत जाते. माझी कावीळ माझ्या आजीने अशीच उतरवली होती आणि मी खडखडीत बराही झालो. ती बहुधा हिपॅटायटिस ए असणार, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंच्या घराण्यातला एक. दूषित पाण्यातून, अन्नातून येते आणि बहुतेकांची आपणहून जाते. आजीला श्रेय मिळालं, मिळू दे.

हिपॅटायटिस सी मात्र या घराण्यातला असून या घराण्यासारखा वागत नाही. तो पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. आल्यावर बहुतेकांना कावीळ होतच नाही. थोडा थकवा, तोही कुणाला नसतो? साधारण दहातल्या तिघांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो. उरलेल्या सातांच्या यकृतात तो ठाण मांडतो आणि वीस वर्षांत त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्क्यांना सिरोसिसपर्यंत, म्हणजे यकृत वणांनी कडक होण्यापर्यंत नेतो. वीस वर्षं आवाज नाही. तेव्हा काविळीच्या रुग्णांची नोंदवही कितीही चोख ठेवली, तरी सी तिच्यात सापडणार नाही. तो शोधायला धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं रक्त तपासावं लागतं.

हा विषाणू ओळखला गेलाच मुळी १९८९ मध्ये. तोवर डॉक्टर त्याला ‘ए नाही आणि बी नाही’ असं म्हणत. आडनाव माहीत नसलेल्या माणसाला ‘ते आपले हे’ म्हणतो ना, तसं. भारतात दान केलेल्या रक्ताची सी साठी तपासणी बंधनकारक झाली २००१ मध्ये. म्हणजे त्याआधी बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनात ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांना बाटलीतून काय मिळालं हे तपासलंच गेलं असेल असं नव्हतं. त्यात आपलं इंजेक्शनप्रेम. माझ्या लहानपणी गावाला डॉक्टरांकडे काचेची सिरिंज असायची, स्टोव्हवर भांड्यात पाणी उकळत असायचं आणि ‘सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही’ यावर डॉक्टर आणि पेशंट दोघांचंही एकमत. पाणी किती वेळ उकळलं, हे बाहेर किती गर्दी आहे यावर ठरायचं.

आता आकड्यांकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गोळा झालेल्या रक्तनमुन्यांवरून सी च्या अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) असलेल्यांचं देशातलं प्रमाण ०.३२ टक्के निघालं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज भारतासाठी ५५ लाख रुग्णांचा आहे. एक अस्सल पुणेकर लगेच गुणाकार करेल. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख, त्याचे ०.३२ टक्के, म्हणजे तीस हजार. झालं, उद्याची बातमी तयार!

हे गणित मी मुद्दाम करून दाखवलं, कारण ते करायचं नसतं. देशाची सरासरी काढताना पंजाब आणि ईशान्येसारखे भाग, जिथे सी बराच जास्त आहे, ते आत आलेले असतात. आपल्या बाजूला १९९९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण लोकसंख्येचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण नगण्य आढळलं होतं. सी सगळीकडे एकसमान पसरलेला नसतो, तो ढिगांनी असतो. डायलिसिसवरची माणसं, वरचेवर रक्त घ्यावं लागणारी थॅलेसेमियाची मुलं, नशेची इंजेक्शनं घेणारे, एचआयव्हीसह जगणारे. या ढिगांबाहेर प्रमाण फार विरळ. दुसरं, ०.३२ टक्के ही अँटीबॉडी असलेली माणसं आहेत, आजारी माणसं नव्हेत. आणि मग ५५ लाखांचं काय? सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात ०.३२ टक्के म्हणजे ५५ लाख होतच नाहीत. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटेने आलेत. त्यांची बेरीज-वजाबाकी करू नका, एवढंच सांगतो.

अँटीबॉडी म्हणजे विषाणू येऊन गेल्याची पावती. पाहुणा अजून घरात आहे की गेला, हे पावतीवरून कळत नाही. ते कळायला दुसरी चाचणी, पीसीआर, जिला सगळे ‘व्हायरल लोड’ म्हणतात. आता समजा, आपण कुठल्यातरी सोसायटीत जाऊन १००० लोकांची पहिली चाचणी केली. खऱ्या अँटीबॉडी असलेले तिघे. चाचणी चांगली आहे, निरोगी शंभरांत एकालाच चुकून ‘अँटीबॉडी आहे’, म्हणजेच ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणते असं धरा. उरलेल्या ९९७ मधले दहा जण चुकून अडकले. एकूण तेरा. त्यातले खरे तीन, आणि तिघांतल्या एकाचा विषाणू केव्हाच निघून गेलेला. म्हणजे तेरा घरांत रडारड, औषधाची गरज दोघांना. त्या तेरांचा आकडा ‘सी चे रुग्ण’ म्हणून वर पाठवला, तर जिल्ह्यातला आजार आपण कागदावरच साडेसहापट केला. हीच चाचणी डायलिसिसच्या वॉर्डात केली, तर रिअ‍ॅक्टिव्ह आलेले बहुतेक खरेच निघतील. चाचणी तीच, माणसं बदलली की तिच्या निकालाचा अर्थ बदलतो.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. टेम्पो चालवणारे गृहस्थ, वय एक्केचाळीस. गणेशोत्सवात मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, तिथे त्यांनी रक्त दिलं. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी पाच गोष्टींसाठी तपासतात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, गुप्तरोग सिफिलिस आणि मलेरिया. सी रिअ‍ॅक्टिव्ह आला. पिशवी बाजूला ठेवली गेली आणि समुपदेशक बाईंनी फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर होता मंडळाच्या एका कार्यकर्त्याचा. रांग लवकर सरकावी म्हणून पठ्ठ्याने वीस-पंचवीस फॉर्म स्वतःच भरले होते आणि नंबरच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकला होता. बाईंनी ‘त्यांनाच भेटायला पाठवा’ एवढंच सांगितलं, जास्त सांगता येत नाही. त्याने ‘हो सांगतो’ म्हटलं. विसर्जनाच्या धामधुमीत ते राहिलं, ते राहिलंच.

दीड वर्षाने या गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. एका खासगी दवाखान्यात ऑपरेशनपूर्व तपासण्या झाल्या, सी पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह. ‘आधी तिकडचं बघून या’ म्हणून त्यांना परत पाठवलं. तिकडचं म्हणजे कुठलं, हे कुणी लिहून दिलं नाही. ते गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तपासणी लिहून दिली, पण तीच अँटीबॉडीची. तिसऱ्यांदा तीच पावती, वर पैसे गेले. अखेर कुणीतरी सरकारी उपचार केंद्राचा रस्ता दाखवला. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथे एकदाचा पीसीआर झाला. विषाणू होता. एसजीओटी (यकृताची एक रक्तचाचणी) आणि प्लेटलेटवरून यकृत किती कडक झालंय याचा अंदाज घेतला, सिरोसिस नव्हता. सोफोसबुविर आणि डॅक्लॅटासविर, रोज एकदा, ८४ दिवस. दर चार आठवड्यांनी येऊन गोळ्या न्यायच्या. माणूस नेमाने आला. याच सोफोसबुविरची गोळी २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आली तेव्हा एकेक गोळी हजार डॉलरला होती, पूर्ण कोर्स ८४ हजार डॉलर. इथे ती त्यांना केसपेपर दाखवून मिळाली. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्याला अभिमान वाटावा असे प्रसंग फार येत नाहीत, म्हणून हा सांगून ठेवतो.

आता हीच गोष्ट कागदावर कशी दिसते ते बघा. मी काही जुन्या नोंदी एकत्र करून एक लाइन लिस्ट बनवत होतो, एक्सेलमध्ये, रुग्णामागे एक ओळ. हे गृहस्थ मला चार ओळींत भेटले. पहिल्या ओळीत आडनाव आधी, दुसऱ्या ओळीत नाव आधी. इंग्रजीत आडनावाच्या शेवटी एकदा एक ‘ई’, एकदा ‘डबल ई’. वडिलांचं नाव दोन ठिकाणी आहे, एका ठिकाणी नुसतं आद्याक्षर, चौथीकडे काहीच नाही. वय ४०, ४१, ४२ आणि पुन्हा ४०. (आपल्याकडच्या नोंदींत चाळीस, पंचेचाळीस, पन्नास या वयांची माणसं संशयास्पद प्रमाणात जास्त असतात.) मोबाइल नंबर तीन. बायकांच्या बाबतीत तर याहून कठीण, लग्नाआधीची तपासणी एका नावाने, नंतरची मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलून. संगणकाला काय कळणार? त्याने प्रामाणिकपणे चार ओळींचे चार ‘सी रिअ‍ॅक्टिव्ह’ रुग्ण मोजले. त्यापैकी उपचार सुरू झाला एकावर. पंचवीस टक्के. या टक्केवारीवर सभा भरते, कुणीतरी वैद्यकीय अधिकारी उभा राहून खुलासा देतो, आणि मूळ माणूस एकच असून तो शंभर टक्के औषध घेऊन मोकळा झालेला असतो.

आणि तो बरा झाला का? इथे मला खरं बोलायचंय. सी बरा झाला हे ठरतं शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या पीसीआरने. तेव्हा विषाणू सापडला नाही, तर बरा. औषध पूर्ण घेतलं तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त बरे होतात. पण बरं वाटणाऱ्या माणसाने, रोजगार बुडवून, रांगेत उभं राहून, ‘काहीही सापडलं नाही’ असा कागद घ्यायला का यावं? हे गृहस्थ आले नाहीत. नोंदीत त्यांच्यापुढे ‘उपचार पूर्ण’ लिहिलंय आणि त्यापुढचा रकाना कोरा. सगळी यंत्रणा ‘सापडलं’ हे लिहून घेण्यासाठी बांधलेली आहे. प्रयोगशाळा पॉझिटिव्ह कळवते, निगेटिव्ह कशाला कळवेल? सी मध्ये मात्र बरं होणं हीच एक निगेटिव्ह नोंद आहे. ती आली नाही तर बरा झालेला आणि वाटेत सुटलेला, दोघं सारखेच दिसतात.

हे फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. अमेरिकेत २०१३ ते २०२२ या काळातल्या एका मोठ्या खासगी प्रयोगशाळेच्या नोंदी तपासल्या गेल्या. सी ची लागण कधीतरी झाल्याचा पुरावा असलेले १७ लाखांहून जास्त लोक. त्यातल्या ८८ टक्क्यांची पीसीआर झालेली, त्यातल्या ६९ टक्क्यांमध्ये विषाणू होता, आणि त्यांच्यापैकी विषाणू गेल्याचा पुरावा होता फक्त ३४ टक्क्यांचा. आकडा वाईटच आहे, औषध सगळ्यांपर्यंत पोचलं नाही हे उघड आहे. पण ‘पुरावा होता’ या शब्दांकडे बघा. बरा होऊन जो पुन्हा तपासायलाच आला नाही, किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला, तोही उरलेल्या ६६ टक्क्यांत बसलेला आहे. न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये हे ओळखून निगेटिव्ह पीसीआरसुद्धा कळवणं प्रयोगशाळांना बंधनकारक केलं.

मग आपण काय करावं? मोठाले उपाय मी सांगणार नाही. इजिप्तने एका मोहिमेत जवळजवळ पाच कोटी लोक तपासले, तिथे सी गावोगाव होता, आपल्याकडे तसं करणं म्हणजे ते तेरा जणांचं गणित लाखांनी करणं. मला तीन बारीक गोष्टी हव्यात. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली की त्याच नमुन्यावर, त्याच दिवशी, पीसीआर लावायचा. माणसाला परत बोलवायचंच नाही, कारण परत बोलावलेला माणूस हा अर्धा हरवलेलाच असतो. शिबिराच्या फॉर्मवरच्या नंबरवर तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्यायचा, रक्तदात्याच्या खिशात फोन वाजला तरच फॉर्म घ्यायचा. आणि बारा आठवड्यांनंतरच्या तपासणीची तारीख औषधाच्या शेवटच्या डबीबरोबरच हातात द्यायची. याला निधी लागत नाही. मिस्ड कॉलवाल्या सूचनेवर एका बैठकीत लोक हसले होते. हसू देत.

त्या गृहस्थांना मी केंद्रातल्या सिस्टरांकरवी फोन लावला. बायकोने उचलला, सरकारी म्हटल्यावर आधी टेम्पोचा दंड वाटला. मग ते आले, रक्त दिलं आणि चार दिवसांनी कागद न्यायला पुन्हा आले. त्यावर लिहिलं होतं, विषाणू आढळला नाही. त्यांनी विचारलं, ‘मग यात नवीन काय?’ सिस्टरांनी त्या कोऱ्या रकान्यात तारीख टाकली, आणि मी एक्सेलमधल्या तीन ओळी पुसल्या.

प्रश्न घेऊ या. मागून एक चिठ्ठी आली आहे : ‘मी बरा झालो आहे, तरी यंदाच्या तपासणीत पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह आलं. आजार परत आला का?’

बहुतेक नाही. अँटीबॉडी बरं झाल्यावरही राहते, कित्येकांची जन्मभर राहते. त्यामुळे पहिली चाचणी दरवेळी रिअ‍ॅक्टिव्हच येणार. रक्तदान आता करायचं नाही. पुन्हा लागण झाली का अशी शंका असेल, तर थेट पीसीआर करून घ्यायचा, पहिल्या चाचणीवर पैसे घालवू नका. सी ची लस नाही आणि एकदा बरं झाल्यावर दुसऱ्यांदा होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. तुमचा तो ‘आढळला नाही’ असा जुना कागद जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. उद्या कुठल्या ऑपरेशनला गेलात की तुमचं रक्त पुन्हा ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणेल, आणि तुमच्या बाजूने बोलायला तेवढा एकच कागद असेल.

पुढची चिठ्ठी?