बादलीच्या मापाची परसबाग

श्रोतेहो, नमस्कार.

माण, आटपाडी, सांगोला, जत या दुष्काळी पट्ट्यात परसबाग आखताना बहुतेक जण आधी जागा मोजतात. मागच्या दारी अर्धा गुंठा रिकामा, म्हणून अर्धा गुंठा वाफे. मार्च उजाडतो, बोअरचं पाणी तळाला जातं आणि कशालाच धड पाणी मिळत नाही. म्हणून आपण आज बादलीपासून सुरुवात करू.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये भाजीच्या वाफ्याला, आच्छादन असलं तरी, चौरस मीटरमागे रोज 6 ते 7 लिटर पाणी लागतं असं धरा. पाच माणसांच्या घरात अंघोळीचं पाणी साधारण 100 लिटर निघतं. सांडलवंड वजा जाता त्यावर 10 चौरस मीटर नीट जगतात, म्हणजे 3 फूट रुंद आणि 12 फूट लांब असे तीन वाफे. हिवाळ्यात तेवढंच पाणी जवळजवळ दुप्पट जागेला पुरतं. मोठी हौस ऑक्टोबर ते जानेवारीत भागवा, उन्हाळ्यात हात आखडता घ्या.

अंघोळीचं पाणी चालतं, कपडे धुतलेलं नको. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियममुळे काळी माती आधी चिकट होते, मग टणक, आणि पुढे पाणी मुरतच नाही. हे पाणी साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं. ते मुळाशीच द्या, पानांवर नको. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, पुदिना यांना मात्र चांगलंच पाणी द्या.

आता वाफे. गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, ही भरपूर पावसाच्या मुलखाची पद्धत. आपल्याकडे त्याच्या कडा दोन दिवसांत सुकतात. इथे वाफा जमिनीपेक्षा 4-5 इंच खोल ठेवा. भारी काळी जमीन असेल तर एका कोपऱ्यात बांध फोडता येईल अशी जागा ठेवा, नाहीतर परतीच्या पावसात मुळ्या कुजतील. वर उसाचं पाचट, तुरीचा किंवा सोयाबीनचा भुसा यांचा 3-4 इंच थर द्या. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडा. मुरमाड जमिनीत कोरड्या पाचटाखाली वाळवी येते आणि तिथून खोडाला लागते.

पाणी सगळ्यात कमी लागतं ते मडक्याच्या पद्धतीत. 6-7 लिटरचं साधं, भाजलेलं, बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती हातभर खड्ड्यात शेणखत मिसळलेली माती भरायची आणि मडक्यापासून वीतभर अंतरावर मिरचीची किंवा दोडक्याची चार रोपं लावायची. माती सुकली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढणं मंदावतं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास होते. मडकं पारखायचं कसं? भरून ठेवा, काही तासांनी बाहेरून तळहाताला ओल लागली पाहिजे. जे मडकं पाणी गार करत नाही, ते बागेतही कामाचं नाही.

यात दोन चुका हमखास होतात. एक, काळ्या मातीत मडकं तसंच पुरलं जातं. उन्हाळ्यात काळी माती आक्रसते, भेगाळते, मडक्यापासून सुटते, आणि मडकं भरलेलं असूनही रोप माना टाकतं. म्हणून मडक्याभोवती 4 इंच वाळूमिश्रित पोयटा घाला. दुसरी चूक क्षारयुक्त बोअरचं पाणी वापरण्याची. वर्ष-दोन वर्षांत छिद्रं बुजतात. मडकं काढून घासा, काही तास व्हिनेगरमध्ये भिजवा. तरी पाझरलं नाही तर नवं आणा. कुंभाराकडून एखादं जास्तीचं आणून ठेवलेलं बरं.

काय लावायचं? उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी, तांदुळजा. भेंडीत शिरा पिवळ्या पडून पानं जाळीदार दिसू लागली, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला केवडा. औषध नाही, झाड उपटून टाका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा वाण या रोगाला तोंड देणारा म्हणून आला, पण आता तोही बऱ्याच ठिकाणी रोगाला बळी पडतो. टोमॅटोचा हट्ट मात्र उन्हाळ्यात सोडा. पारा 35 अंशांच्या वर राहिला की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. लोक याला खताची कमतरता समजून आणखी खत घालतात. त्याने नुसता पाला वाढतो.

कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड फार. पानाच्या मागे बारीक जाळी आणि वर पांढुरके ठिपके दिसले की आधी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडं साबणाचं पाणी मिसळा. फवारणी संध्याकाळीच करा, कारण उन्हात त्यातला कडू अंश लवकर विरतो. अर्क साठवू नका, त्याच दिवशी संपवा.

फळझाडं दोन-तीनच पुरेत. कागदी लिंबाला दुहेरी आळं करा: खोडाजवळचं आतलं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. खोडाला पाणी लागत राहिलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो. शेवगा 3 फूट झाला की शेंडा खुडा, म्हणजे शेंगा हाताशी येतील. दारात शेवगा नको म्हणतात; त्याची फांदी ठिसूळ, अंगावर मोडून पडते, एवढंच त्यात तथ्य.

सीताफळ या हवेला सगळ्यात सोसणारं, पण उन्हाळ्यातली फुलं कोरड्या हवेत गळून जातात. त्याच्या फुलात मादीभाग आधी तयार होतो, पराग नंतर पडतो. म्हणून दुपारनंतर पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग कोरड्या डबीत झटका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धवट उघडलेल्या फुलांत मऊ ब्रशने लावा. ब्रश फुलात गोल फिरवा, सगळ्या बाजूंना पराग लागू द्या. एकाच बाजूला लागले तर फळ वाकडं भरतं.

नमस्कार.