मशिनने नाही म्हटलं, तर का ते विचारायचं कुणाला?

नमस्कार श्रोतेहो. समजा तुम्ही ॲपवरून लोनसाठी अर्ज केला आणि दोन मिनिटात उत्तर आलं, नामंजूर. कुणी माणसाने तुमची फाइल बघितलीच नाही, सगळं एआयने ठरवलं, आणि फोन करून विचारलं तर पलीकडचा म्हणतो सिस्टिमने केलंय, आम्हाला कारण दिसत नाही. अशा वेळी आपला देश आपल्या बाजूने किती उभा आहे, आज त्याबद्दलच बोलायचंय.

सुरुवात खरं तर फार चांगली झाली. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांची, आधारच्या विरोधातली. डेटा संरक्षणाचा कायदा कसा असावा हे सुचवायला नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, मसुदे आले, मागे घेतले गेले, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी आणखी १८ महिन्यांची मुदत दिली.

कायद्यात घेण्यासारखं बरंच आहे हो. तुमची संमती मागताना कंपनीने ती मराठीतही मागायची, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी तुम्हाला हवी त्या भाषेत वाचायची सोय द्यायची. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. आपली कोणती माहिती घेतलीय, पुढे कुणाला दिलीय हे विचारता येतं, चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. पण तो दंड जातो सरकारच्या तिजोरीत, ज्याचा डेटा फुटला त्याला भरपाई द्यायची तरतूद या कायद्यात नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही.

आता एआयचं बघा. तुम्ही स्वतःहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली माहिती, म्हणजे पब्लिक अकाउंटवरचे फोटो, पोस्ट, त्याला हा कायदा लागूच होत नाही. एआय मॉडेलं शिकतात ती तर अशाच उघड्यावरच्या ढीगभर मजकुरावर! फोटो नातेवाइकांनी बघावा म्हणून टाकला याचा अर्थ त्यावर मशीन शिकवायला परवानगी दिली असा होत नाही ना. शिवाय सरकार अधिसूचना काढून देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्याच यंत्रणांना कायद्यातून पूर्ण सूट देऊ शकतं.

एआयसाठी वेगळा कायदा सध्या नको, असं सरकारचं धोरण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात सात सूत्रं आहेत, विश्वास, माणूस आधी, न्याय्य वागणूक, जबाबदारी वगैरे, आणि एक सूत्र असंही की बंधनांपेक्षा नवनिर्मितीला झुकतं माप. घाईघाईत कडक कायदा करून छोट्या स्टार्टअपचा गळा आवळू नये हे मान्य आहे. पण तत्त्वं ऐच्छिक आहेत, ती मोडली म्हणून कोर्टात जाता येत नाही.

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरच्या, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या, कलम २२ मध्ये सोय आहे, निव्वळ मशिनने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयात माणसाने लक्ष घालावं अशी मागणी करता येते. आपल्याकडे तसं कलम नाही. आपल्याकडे आहे कलम ८, त्यात म्हटलंय की ज्या माहितीवरून एखाद्याबद्दल निर्णय होणार ती पूर्ण आणि अचूक असावी. म्हणजे माहिती चुकली तर भांडता येईल, पण माहिती बरोबर असून मशिनचा हिशोबच एखाद्या वस्तीतल्या किंवा समाजातल्या लोकांना मागे ढकलत असेल तर? त्याला उत्तर नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की लोन, नोकरी, रेशन, पेन्शन यांत मशिनने नाही म्हटलं तर लेखी कारण मिळावं आणि ते पुन्हा तपासायला एक हाडामांसाचा अधिकारी असावा, आणि हे सूत्रात नको, कायद्यात हवं.